नालवाडीचा जमाखर्च

वर्धा शहराला अगदी लागून नालवाडी नावाचे गाव आहे. शहर वाढत वाढत आता गावात शिरले असल्याने नवख्या माणसाला नालवाडी कोठे सुरू झाली हे कळत नाही. सेवाग्राम आणि पवनार पाहण्यासाठी येणारे बहुतेक प्रवासी या गावात थांबत नाहीत. पण सामान्य माणसाने आपल्या चार पैशांचा हिशेब कसा मांडावा आणि तो त्याला कोणी शिकवावा, या प्रश्नाचा इतिहास लिहायचा झाला तर नालवाडीला वगळून चालणार नाही.

विनोबा भावे १९२१ साली वर्ध्याचा आश्रम चालविण्यासाठी आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवरील प्रसिद्ध प्रवचने दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते नालवाडीत राहावयास गेले. गावात बहुसंख्य वस्ती दलित कुटुंबांची होती. मोलमजुरी हाच त्यांच्या जगण्याचा आधार होता. विनोबा तेथे गेले ते गावकऱ्यांना उपदेश करण्यासाठी नव्हे. गावच्या मजुराइतक्याच मिळकतीत माणूस जगू शकतो काय, हे त्यांना स्वतःच्या देहावर पडताळून पाहायचे होते.

या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळी कर्ज आणि काटकसर यांविषयी शहाणी माणसे काय बोलत असत हे आधी पाहिले पाहिजे.

उधळ्या शेतकऱ्याची दंतकथा

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख पैशांपेक्षा कागदांवर होता. खतपत्रे आणि वह्या त्यांनी जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्याची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला आणि पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला.

शेतकरी लग्नकार्यात आणि सणासुदीत उधळपट्टी करतो म्हणून तो बुडतो, असे त्या वेळी साहेबापासून शिक्षित एतद्देशीयापर्यंत सर्वजण म्हणत. आयोगाने सावकारी वह्या तपासल्या तेव्हा चित्र निराळे निघाले. लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक दोष दिला गेला आहे, तो कर्जात भर घालतो खरा, पण कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो, असा निष्कर्ष आयोगाने नोंदविला. सारा, दुष्काळ, बैल, बियाणे आणि व्याजावर चढणारे व्याज यांतून कर्ज वाढत होते. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, आणि जे वाचता येत नव्हते त्याखाली तो अंगठा उठवीत होता.

सवाई आणि दिढी हे शब्द आपल्या वाडवडिलांच्या परिचयाचे होते. पेरणीला मणभर धान्य घ्यावे आणि सुगीला सव्वा मण किंवा दीड मण परत करावे, असा तो व्यवहार. दिढी ऐकायला सोपी वाटते. पण सहा महिन्यांत निम्मी वाढ म्हणजे वर्षाकाठी शंभर टक्क्यांहून अधिक व्याज झाले. शेतकरी मूर्ख नव्हता. आभाळ पाहून पाऊस सांगणारा, बैलाच्या चालीवरून त्याचे वय ओळखणारा तो माणूस होता. केवळ या एका विद्येपासून तो दूर राहिला होता, आणि त्याच्या दूर राहण्यात काहींचा लाभ होता.

नालवाडी ज्या मध्यप्रांतात होती तेथे हा प्रश्न १९३० नंतरच्या मंदीत फार बिकट झाला. शेतमालाचे भाव कोसळले, पण कर्जाचा आकडा जागचा हलला नाही. १९३३ साली मध्यप्रांतात कर्ज-तडजोडीचा कायदा झाला. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकाराने नीट हिशेब ठेवावा आणि कुळाला दरसाल खात्याचा उतारा द्यावा असे बंधन घातले. कायदा चांगला होता. पण उतारा हातात पडला तरी तो वाचणार कोण, हा प्रश्न कायद्याला सोडविता आला नाही.

दोन आण्यांचे अर्थशास्त्र

विनोबांनी अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला तो १९२४ च्या सुमारास. त्यासाठी ग्रंथ तर त्यांनी वाचलेच, पण देशातील गरीब माणूस ज्या मिळकतीत दिवस काढतो त्या मिळकतीत न राहता हे शास्त्र समजणार नाही अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्या दिवसांत त्यांनी आपला रोजचा खर्च दोन आण्यांत बसविला. दोन आणे म्हणजे आठ पैसे. त्यांपैकी सात पैसे अन्नाला आणि एक पैसा सरपणाला. भाकरी, शेंगदाणे, थोडी भाजी, मीठ, चिंच असा तो बेत होता. पुढे दिल्लीस जावे लागले तेव्हा तेथील शेंगदाण्याच्या भावाने हा हिशेब कोलमडला आणि बेत बदलावा लागला.

ही गोष्ट वाचताना हसू येते, पण घर चालविणाऱ्या प्रत्येक गृहिणीला तिचे मर्म ठाऊक आहे. पैसा आधी नेमून द्यावा लागतो. अन्नाला इतका, सरपणाला इतका, असे ठरविल्यानंतर एका वस्तूचा भाव चढला की दुसरीतून काहीतरी कमी करावे लागते. अंदाजपत्रक हा शब्द सरकारी वाटतो. त्याचा खरा अर्थ आठ पैशांपैकी एक पैसा सरपणासाठी बाजूला ठेवणे एवढाच आहे.

१९३४ साली नालवाडीत ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली आणि खादी, ग्रामोद्योग, चर्मोद्योग अशी कामे वाढू लागली. गोपाळराव वाळुंजकरांनी तेथे चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, शिंगे यांपैकी कशाचे काय मोल येते याचा हिशेब तेथे शिकविला जाई. ज्या कामाला समाज तुच्छ मानीत होता त्या कामातील संपत्ती आकड्यांत मांडून दाखविणे, हेही अर्थशिक्षणच होते.

पुढच्याच वर्षी, १९३५ साली, विनोबांनी दुसरा प्रयोग केला. सूत कातून पोट भरणाऱ्या बाईला चरखा संघाच्या चालू दराने जी मजुरी मिळते, तेवढ्यातच आपण जगायचे. दिवसाचे आठ तास, कधी त्याहून अधिक, ते कातीत. ते कुशल कातणारे होते आणि त्यांना व्यसन नव्हते, संसार नव्हता, लग्नकार्य नव्हते, आहेरमाहेर नव्हते. काटकसरीत त्यांना मागे टाकणारा माणूस शोधून सापडला नसता. तरीही दिवसभराच्या पुऱ्या श्रमाची मजुरी पोटाला पुरेना. अन्न कमी करावे लागले.

हिशेब चोख होता, उधळपट्टी शून्य होती आणि तरीही तोंडमिळवणी होत नव्हती. याचा अर्थ एकच होता. चूक खर्चाच्या बाजूला नव्हती, ती जमेच्या बाजूला होती. मजुरीच अपुरी होती, आणि ती देणारे कोणी निर्दय गिरणीमालक नसून गरिबांच्या सेवेसाठी निघालेलीच संस्था होती.

गांधीजींचे मन याच सुमारास या प्रश्नाने व्यापलेले होते. कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाबद्दल निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. आठ तासांना आठ आणे हा त्यांचा आदर्श. खादी महागेल आणि तिची विक्री बसेल अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. ती भीती खोटीही नव्हती. अखेर ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्यास चरखा संघाने निर्वाह-वेतनाचे तत्त्व मान्य केले आणि प्रत्यक्षात तीन आण्यांपासून आरंभ झाला. आठ आण्यांच्या जागी तीन आणे! आदर्श आणि व्यवहार यांतील अंतरही या हिशेबाने लपविले नाही.

नालवाडीची शिकवण मला वाटते ती ही. काटकसर शिकविणाऱ्याने आधी स्वतः त्या मिळकतीत जगून पाहावे. आणि तसे जगल्यावर मिळकतच अपुरी आहे असे आढळले तर ते मोठ्याने सांगण्याचे धैर्य दाखवावे. या दोन गोष्टी नसतील तर अर्थशिक्षण हा गरिबाच्या जखमेवर चोळलेला मिठाचा खडा ठरतो.

मगनवाडीतील ख्रिस्ती हिशेबनीस

नालवाडीपासून थोड्याच अंतरावर, वर्धा शहरात मगनवाडी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय येथे आले. संघाचे अध्यक्ष होते वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. आपल्या वाचकांना कुमारप्पांविषयी विशेष आस्था वाटावी. १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते कॅथलिक नव्हते, परंतु शुभवर्तमानावर त्यांची निष्ठा गाढ होती. त्यांचा ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ हा ग्रंथ तुरुंगात लिहिला गेला आणि १९४५ साली प्रसिद्ध झाला.

कुमारप्पा लंडनमध्ये हिशेब-तपासणीचे शिक्षण घेऊन मुंबईत व्यवसाय करीत होते. पुढे अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक अर्थव्यवहार आणि भारताचे दारिद्र्य या विषयाचा अभ्यास केला. १९२९ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि त्यांनी गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी हाती घेतली. घराघरांत जाऊन मिळकत किती, खर्च किती, कर्ज किती हे विचारणारी ही पाहणी १९३१ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९३८ नंतर मध्यप्रांत सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी ६०६ खेड्यांची पाहणी करविली. गरिबांच्या घरचा जमाखर्च ही राज्यकर्त्यांनी वाचावयाची गोष्ट आहे, हे त्यांनी देशाला शिकविले.

त्यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात भीषण भूकंप झाला. मदत-निधीच्या हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांवर आली. स्वयंसेवकाच्या जेवणास दिवसाला तीन आणे अशी मर्यादा त्यांनी घातली. गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले तेव्हा त्यांच्या मंडळींचा खर्च या मर्यादेत बसेना. तो निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी सांगितले. हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांचा नाही, ही त्यांची भूमिका. गांधीजींनी ती आनंदाने मानली.

आपल्या धर्मग्रामांत, मंडळांत, जत्रेच्या समित्यांत जे कोणी हिशेब सांभाळतात त्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानी ठेवावा. मोठ्या माणसापुढे वही मिटून घेणारा खजिनदार समाजाला हिशेब शिकवू शकत नाही.

शाळेच्या फळ्यावर

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हिंदुस्थानी तालिमी संघाचे चिटणीस म्हणून पुढे ज्यांनी सेवाग्रामचे शिक्षणकार्य उभे केले ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम हेही सिलोनमधील तमिळ ख्रिस्ती होते. या समितीच्या अहवालाची चर्चा बहुधा चरखा आणि तकलीपुरतीच होते. पण तिने आखलेल्या गणिताच्या अभ्यासक्रमात त्रैराशिक आणि व्याज यांच्या जोडीला जमाखर्च लिहिण्याची मूलतत्त्वेही होती. आकडेमोड ही मुलाच्या भोवतालच्या व्यवहाराशी जोडलेली असावी असा समितीचा आग्रह होता. मुलाने सूत कातावे, कापूस किती लागला, सूत किती निघाले, घट किती आली, मजुरी किती झाली हे त्यानेच मांडावे. ज्या विद्येवाचून त्याच्या आजोबांनी कागदावर अंगठा उठविला होता ती विद्या नातवाच्या हाती यावी, असा हा प्रयत्न होता.

नई तालीमीचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. परीक्षेच्या आणि नोकरीच्या ओढीपुढे ती टिकली नाही. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज आजही शाळेत शिकवितात. मुले गुण मिळवितात आणि विसरून जातात, कारण घरी वडिलांनी घेतलेल्या कर्जाचा कागद त्या गणिताच्या तासाला कधी येत नाही.

आधी अभ्यास, मग पेढी

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हा धागा जुना आहे. पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन बंधूंनी गरिबांसाठी तारणावर अल्पदरात कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. पेरुजा येथील पेढी १४६२ सालची. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकातून न्याय्य मजुरीचा पुरस्कार केला. कामगाराला काटकसरीने राहून थोडे शिल्लक टाकता यावे इतकी मजुरी मिळाली पाहिजे, हा त्यातील विचार नालवाडीच्या हिशेबाशी किती जुळतो! बचतीचा उपदेश आणि मजुरीचा न्याय तेथेही एकत्रच येतात.

आपल्या देशात छोटानागपूरच्या आदिवासींमध्ये फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ साली कॅथलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून केवळ कायदा पुरेसा नाही, अडीअडचणीला स्वतःचा पैसा हवा, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्रात वसईला मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली जी पतसंस्था स्थापन केली तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात फादर मोझेस कोडी यांनी १९२८ नंतर मच्छीमार आणि शेतकरी यांच्यात जे काम केले त्याचा क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांनी आधी घरोघरी अभ्यास-मंडळे भरविली. आपण मासळी कोणत्या भावाने विकतो, ती बाजारात कोणत्या भावाने जाते, मधला पैसा कोठे राहतो, हे लोकांनी स्वतः शोधले. पतपेढी त्यानंतर निघाली.

हाच क्रम आपल्याकडील बचत गटांतही दिसतो. १९९२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने गटांना बँकांशी जोडण्याची योजना हाती घेतली. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री. जेथे पाचवे सूत्र पाळले गेले, म्हणजे वही सर्वांसमोर वाचली गेली, तेथे गट टिकले. जेथे वही एकीच्याच घरी राहिली तेथे बचतीबरोबर शेजारधर्मही बुडाला.

आजचा उतारा

आज परिस्थिती पालटली आहे. २०१४ साली जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांचीही खाती निघाली. २०१३ साली राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राची स्थापना झाली. रिझर्व्ह बँक दरवर्षी वित्तीय साक्षरता सप्ताह पाळते. बाजारात भाजीवालीही भ्रमणध्वनीवरून पैसे घेते. पण अंगठा अजून उठतोच आहे. पूर्वी तो शाईत बुडवून कागदावर उठत असे, आता तो काचेवर टेकतो एवढाच फरक. मजकूर न वाचताच ‘मान्य’ म्हणण्याची सवय तीच आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बारा हजार रुपयांचे कर्ज, वर्षाला बारा टक्के व्याज, बारा हप्ते, असे एखादा दुकानदार सांगतो. व्याज १,४४० रुपये, म्हणजे महिन्याचा हप्ता १,१२० रुपये. दर बारा टक्के वाटतो. पण आपण मुद्दल दरमहा फेडीत असतो आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या बारा हजारांवर भरत असतो. घटत्या शिल्लकेवर मोजले तर हाच दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातो. त्याचप्रमाणे ‘शेकडा तीन’ हा खासगी सावकाराचा दर कानाला लहान लागतो. तो महिन्याचा दर असतो. वर्षाचे छत्तीस टक्के होतात, आणि व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. दिढीचाच हा शहरी अवतार आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कोणी महिन्याला तीन टक्के परतावा देतो म्हणाला तर तो दोन वर्षांत पैसे दुप्पट करून देण्याचे वचन देत असतो. असा प्रामाणिक धंदा कोणता, हा प्रश्न त्याला तेथेच विचारावा. अशा योजना अनेकदा ओळखीच्या माणसाकडूनच, लग्नात किंवा मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, आपल्यापर्यंत पोहोचतात. ओळख हे तारण नव्हे.

कुटुंबातील हिशेब हा बहुधा एकट्याचाच असतो. वडिलांनी कोणाला जामीन दिला आहे हे आईला ठाऊक नसते. विम्याचा कागद कोठे आहे हे मुलांना ठाऊक नसते. घरात मृत्यू किंवा आजार येतो तेव्हा दुःखाबरोबर हे अज्ञानही अंगावर कोसळते. महिन्यातून एकदा, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, घरातील सर्वांनी अर्धा तास बसून जमा, खर्च, देणे आणि येणे या चार गोष्टी वहीत मांडाव्यात. बुरूज बांधण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. त्यातील ‘बसणे’ आपण विसरतो आणि उभ्या उभ्याच सह्या करतो.

मात्र हे करताना नालवाडीचा धडा निसटू देऊ नये. वही मांडल्यावर कधी असे दिसेल की चूक आपल्या खर्चात आहे. तेव्हा खर्च आवरावा. पण आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईची, आपल्या वाडीत राबणाऱ्या मजुराची वही आपण मांडून पाहिली आणि चोख काटकसर करूनही तिची तोंडमिळवणी होत नाही असे आढळले, तर ती चूक आपल्या वहीत शोधावी लागेल.

विनोबा १९३८ साली प्रकृतीच्या कारणाने पवनारला गेले. जमनालाल बजाजांनी आपले अखेरचे दिवस नालवाडीशेजारच्या गोपुरीत गोसेवेत घालविले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले. कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, निवर्तले. आणे आणि पैही चलनातून गेले. सात पैसे अन्नाला आणि एक पैसा सरपणाला हा हिशेब मात्र आजही कोणत्याही घरी मांडता येतो. फक्त आठ पैसे कोणाला मिळतात आणि कोणाला मिळत नाहीत, हेही त्याच पानावर लिहावे.